सीप्झ ते लिखित संगणक-रचना : मुंबई उपनगरातील एक स्थित्यंतर

यंत्राची मालकी आणि त्यावरील नियंत्रण यांचा संबंध मुंबई उपनगरात कसा बदलत गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

1973 मध्ये अंधेरी (पूर्व) येथे सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. त्या काळी संगणक आयात करणे हेच मोठे दिव्य होते. जून 2016 मध्ये ॲमेझॉनने आपल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग सुरू केला आणि शेकडो यंत्रे मागविणे ही काही ओळी लिहिण्याची बाब झाली.

हे लेखन टेराफॉर्मसारख्या (2014) साधनाने होते, त्या यंत्रांवरील कंटेनरांचे समूह कुबरनेटीस (आवृत्ती 1.0, जुलै 2015) सांभाळते. दोहोंत अपेक्षित स्थिती लिहावयाची असते. मात्र कुबरनेटीस लेख व वास्तव यांची तुलना अखंड करते, तर टेराफॉर्म ते चालविले जाईल तेव्हाच. मधल्या काळात कोणी हाताने बदल केल्यास, फेरफार न नोंदविलेल्या सातबाऱ्याप्रमाणे, कागद एक सांगतो आणि जमीन दुसरेच. म्हणूनच प्रत्येक बदल आधी लेखात करावा, तो दुसऱ्याने तपासावा आणि स्थितीची नोंदवही सामाईक ठिकाणी, एका वेळी एकालाच लिहिता येईल अशी ठेवावी.

ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्मचा मुक्त परवाना बदलला. त्यातून ओपनटोफू ही मुक्त शाखा निघाली. तात्पर्य, यंत्राच्या मालकीचा प्रश्न मागे पडला, तरी साधनाच्या मालकीचा प्रश्न शिल्लकच आहे.