मुळा-मुठेचा महसीर
कंपनी सरकारच्या अमदानीत दख्खनच्या आकडेवारीची कामगिरी अंगावर असलेल्या कर्नल सायक्स या अंमलदाराने, रयतेची शिरगणती नि पिकांचे तक्ते सांभाळून, पुण्याच्या नद्यांतील मत्स्यजातींचेही टिपण केले. आणि १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनाने ज्या दख्खनी महसीराला शास्त्रात स्थान मिळाले, तो आज त्याच मुळा-मुठेत दुर्मिळ व्हावा, हे पुणेकरांस भूषणावह खचितच नाही. प्रवाहाविरुद्ध चढून खडकाळ, निर्मळ पाण्यात अंडी घालणाऱ्या या माशाची वाट धरणांनी अडवली. उरलेले पात्र सांडपाण्याने आणि परकी तिलापियाने बळकावले. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीने कृत्रिम प्रजननाने वाढवलेली पिले निरनिराळ्या जलाशयांत सोडली, हे स्तुत्यच. पण महाडनजीकच्या वाळणकोंडीच्या डोहात, देवीचे मासे म्हणून गळ न टाकणाऱ्या ग्रामस्थांनी महसीराचे रक्षण कोणत्याही सरकारी फर्मानाविना पिढ्यानपिढ्या चालवले आहे.