हलकंफुलकं म्हणजे हलकं नव्हे

मानकोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये आपण मोबाईलवर विनोदी प्रेमकथा वाचतो आणि शेजाऱ्याने डोकावलं की स्क्रीन झाकतो. कशाला लाजायचं?

चि. वि. जोशी (१८९२–१९६३) बडोद्यात पाली शिकवायचे, बौद्ध साहित्यावर लिहायचे. एवढा विद्वान माणूस, पण घराघरांत पोचला तो त्यांचा चिमणराव: एक साधा कारकून. सोबतीला धिप्पाड गुंड्याभाऊ. १९४० साली मास्टर विनायकांनी या जोडीवर ‘लग्न पहावे करून’ हा सिनेमा काढला. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले.

तेव्हाच्या मध्यमवर्गात लग्नं कशी जमायची, पगार कसा पुरवायचे, हे सनावळ्या सांगत नाहीत. या हसऱ्या गोष्टी सांगतात. तेव्हा स्क्रीन झाकू नका. शेजाऱ्यालाही वाचू द्या.