हवेच्या भरवशावरचे इंजिन

मुंबईहून नाशिककडे निघालेली जुनी डिझेल जीप कसारा घाट चढू लागली की चालक गिअर उतरवतो. चढ हे त्याचे मुख्य कारण, पण दुसरे एक कारण डोळ्यांना दिसत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या ९३ टक्क्यांच्या आसपास असतो. या जीपला टर्बोचार्जर नाही, म्हणजे हवा दाबून आत भरणारे साधन नाही. पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमधील दाब कमी होतो आणि वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढ्यावरच इंजिनाला भागवावे लागते. अशा इंजिनांचा इतिहास नाशिक जिल्ह्याशी जवळून जोडलेला आहे.

आपल्याकडील जुन्या जीपमध्ये पेट्रोलवर चालणारे २१९९ घनसेंमीचे विलीज इंजिन असे. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले. पेट्रोलच्या मानाने डिझेल स्वस्त होते. १९७९ मध्ये महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले. नाशिकमध्येच मायको कंपनीच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल बनत होते.

४.९० या आकड्यातच इंजिनाची ओळख आहे. सिलिंडर ४, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनचा फेरा ८३ मिलिमीटर धरून विद्यार्थ्यांना घनफळ काढायला सांगावे. उत्तर २११२ घनसेंमी येईल. या इंजिनात इंधन आधी एका छोट्या कप्प्यात फवारले जाते. कप्प्याच्या भिंती उष्णता शोषतात, त्यामुळे थंडीत ते चालू करायला ग्लो प्लग लागतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या घराण्यातून आलेले २५२३ घनसेंमीचे दुसरे इंजिन सरळ पिस्टनच्या माथ्यावर इंधन फवारते. त्याची उष्णता कमी वाया जाते.

ही इंजिने ग्रामीण भागात टिकली, कारण ती पुन्हा बांधता येत होती. इंजिन ऑइल खाऊ लागले, धूर टाकू लागले की नवे घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसे. अशा वेळी चांगला मिस्त्री खरेदीच्या आधी मोजमाप करतो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथून परत फिरते तेथे उष्णता आणि दाब सर्वाधिक, शिवाय तेलाचा थरही पातळ; म्हणून झीज तेथे जास्त. वरचा आणि खालचा व्यास मोजला की नुसत्या रिंगांवर काम भागेल की बोअरिंग करून मोठा पिस्टन घालावा लागेल, हे कळते. क्रँकची झीजही अशीच मोजून ठरते. झडप आणि तिची बैठक पेस्ट लावून घासतात, मग हेड उलटे ठेवून त्यावर रॉकेल ओततात. झडपेतून ते झिरपले नाही तर बैठक जमली.

यातला प्रत्येक टप्पा आपल्या पाठ्यपुस्तकात आहे: घर्षण, प्रसरण, दाब, मोजमापातील चूक. खर्च वाचतो तो मोजल्यामुळे. स्वस्त रिंगा झिजलेल्या सिलिंडरमध्ये बसवल्या तर काही महिन्यांत सारे काम पुन्हा काढावे लागते.

पण या इंजिनांची दुसरी बाजूही वर्गात सांगितली पाहिजे. ताकद वाढावी म्हणून काही जण पंपातून जास्त डिझेल सोडून घेतात. हवा मात्र वातावरण देईल तेवढीच. जादा डिझेलला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, कार्बनचे कण न जळता उरतात आणि काळा धूर रस्त्यावरच्या माणसाच्या फुफ्फुसात जातो. २००० पासून देशात वाहनांच्या धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. टर्बोचार्जर आणि संगणकाने नियंत्रित होणारी फवारणी यांशिवाय नव्या डिझेल गाडीला हे नियम पाळणे अवघड झाले.

हवा स्वच्छ राहायला हे आवश्यकच होते. मात्र त्याबरोबर साध्या अवजारांनी इंजिन उघडून समजून घेण्याची सोय आकसली. ती सोय शाळेपुरती तरी जपता येईल. गावातल्या गॅरेजमधून एक झिजलेला पिस्टन मागून आणावा आणि व्हर्नियरने त्याचा व्यास माथ्याशी, मध्यावर व तळाशी, दोन काटकोनी दिशांनी मोजावा. आकडे सारखे येणार नाहीत. नवा पिस्टनही तंतोतंत गोल नसतो, कारण तापल्यावर तो सगळीकडे सारखा फुगत नाही. मग यातला किती फरक घडणीचा आणि किती झिजेचा, हे वर्गाने मिस्त्रीला विचारून ठरवावे.