मणिकर्णिकेचा अग्नी आणि अग्निनिरीक्षकाची विद्या

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावरील अग्नी कधीही विझत नाही, अशी श्रद्धा आहे. तेथे दहन अहोरात्र चालत असल्यामुळे व्यवहारातही ते खरेच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचा जीर्णोद्धार केला. जवळचे विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० साली उभारले. त्यामुळे मराठी यात्रेकरूला या परिसरात परकेपणा वाटत नाही. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र तेथे एक वेगळाच प्रश्न पडतो. इमारतींची आगीच्या दृष्टीने तपासणी करणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याला या घाटावर उभे करून ‘तपासणी करा’ असे सांगितले, तर तो नेमके काय पाहील?

त्याच्या हातातील सूचीत अग्निशामक नळकांडी, पाण्याची टाकी, स्प्रिंकलर, जिन्याची रुंदी, बाहेर पडण्याच्या मार्गाची पाटी असे रकाने असतील. येथे यांपैकी बहुतेक गोष्टी लागूच होत नाहीत. येथील आग अपघात नव्हे, विधी आहे. ती विझवायची नसते, सांभाळायची असते. प्रश्न थोडासा चमत्कारिक वाटेल हे मी जाणतो. परंतु आपल्या देशात अग्निनिरीक्षक कसा घडवला गेला आणि त्याच्या शिक्षणात काय राहून गेले, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

आगीच्या प्रतिबंधाचा विचार आपल्याकडे बराच जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराच्या कारभाराचे जे प्रकरण आहे, त्यात यासंबंधी तपशीलवार नियम आढळतात. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन भागांत अग्नी पेटवण्यास बंदी आहे. घरोघरी पाण्याचे घट, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, पखाल ठेवण्याची सक्ती आहे. पेटते छप्पर ओढून काढण्याच्या साधनाचाही त्यात समावेश आहे. गवताची छपरे हटवावीत, अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांना एका ठिकाणी वसवावे, रस्त्यांवर आणि चौकांत पाण्याच्या घटांच्या रांगा असाव्यात, असे सांगितले आहे. आग विझवायला न धावणाऱ्या घरमालकाला बारा पण दंड, तर भाडेकरूला सहा पण. मालकाची जबाबदारी भाडेकरूच्या दुप्पट ठरवणारा हा शास्त्रकार ऋतू पाहतो, धंदा पाहतो, जागेचा ताबा कोणाकडे आहे तेही पाहतो. नगराच्या अधिकाऱ्याने पाण्याच्या जागा आणि रस्ते रोज पाहावेत, हाही त्याचाच नियम. हे सारे प्रत्यक्षात किती पाळले गेले असेल, हा भाग वेगळा. पण आग लागण्यापूर्वी पाहणारा अधिकारी येथे कल्पिलेला आहे, एवढे निश्चित.

आधुनिक भारतातील अग्निशमन सेवेचा जन्म मात्र याच्या उलट बाजूने झाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि तो पाळला गेलाच पाहिजे. तथापि त्या जहाजाची दुसरी हकीकत सप्ताहाच्या भाषणांत क्वचितच येते. सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकाच जहाजात भरलेल्या होत्या, आणि धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. म्हणजे जवान गोदीत पोहोचण्याच्या कितीतरी आधी, माल भरताना आणि जहाज धक्क्याला लागताना, कोणीतरी पाहायला हवे होते. विझवणाऱ्यांचे स्मारक झाले. पाहणाऱ्याची उणीव नोंदली गेली नाही.

त्याच १९४४ साली संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, अग्निशमन सेवेचा कायदा झाला. महायुद्धाच्या छायेत जन्मलेल्या या सेवांचा साचा स्वाभाविकपणेच लष्करी होता: गणवेश, कवायत, हुद्दे, हुकूम. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली आणि १९५६ साली राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले, तेही उत्तर प्रदेशातील रामपूर येथे. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, ते नागपूरला आले आणि तेव्हापासून देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची शाळा नागपुरात आहे. विदर्भातील माणसांनाही याची कल्पना अनेकदा नसते.

या महाविद्यालयातील मुख्य अभ्यासक्रमांची नावे बोलकी आहेत: उपअधिकारी, स्थानक अधिकारी, विभागीय अधिकारी. ही सगळी आगीच्या जागी हुकूम देणाऱ्यांची पदे. प्रतिबंध हा त्यांतील शिकवण्याचा एक विषय, स्वतंत्र पेशा नव्हे. आपल्या राज्यात मुंबईतील कालिना येथील प्रशिक्षण केंद्रात तर ‘उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंध अधिकारी’ असा जोडनावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जोडनाव देण्यामागे मनुष्यबळाची काटकसर असेल आणि ती मला समजते. पण हे दोन पेशे स्वभावतः भिन्न आहेत. विझवणाऱ्याला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. निरीक्षकाला अजून न घडलेल्या गोष्टीची कल्पना करावी लागते, आणि ती घडली नाही तर त्याचे श्रेय त्याला कधीच मिळत नाही.

दरम्यान १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता आली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. तिच्या चौथ्या भागाचे नाव आधी ‘अग्निसंरक्षण’ असे होते, २००५ पासून ते ‘अग्नी आणि जीवसुरक्षा’ असे झाले. या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान, १३ जून १९९७ रोजी, दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली होती. आग लागली खालच्या वाहनतळाजवळच्या रोहित्राला. माणसे गुदमरली वरच्या बाल्कनीत. तेथे वाढीव खुर्च्या टाकून मार्ग बंद झाला होता आणि खासगी बैठकीसाठी बाहेर पडण्याची एक वाट अडवली गेली होती. नियम कोणत्याही सालचा असो, निरीक्षकाने मंजूर नकाशा हाती घेऊन ‘ही खुर्ची येथे कधी आली?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर पुढची सारी साखळी उलगडली असती. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात नव्वदहून अधिक मृत्यू झाले. तेथे वाहनांसाठी मंजूर झालेले तळघर कोठार झाले होते. इमारत तीच राहते, तिचा वापर बदलतो, आणि धोका वापरात असतो.

कायदे मागोमाग आले. उत्तर प्रदेशात २००५ साली अग्निप्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे २०२२ मध्ये अग्निशमन व आपत्कालीन सेवांचा नवा कायदा आला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. यात एक महत्त्वाचा बदल होता. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करण्याची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकण्यात आली. तत्त्वतः हे योग्यच आहे. कौटिल्यालाही ते पटले असते. पण त्यामुळे तपासणी म्हणजे प्रमाणपत्र अशी समजूत रूढ झाली. माझ्यासमोर येणाऱ्या अहवालांत नळकांड्यांची संख्या अचूक असे. जिन्याखाली काय साठवले आहे, याचा उल्लेख क्वचितच सापडे.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात दहा बालके दगावली. राज्यभर रुग्णालयांच्या ‘फायर ऑडिट’चे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारमध्ये आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले. (अहमदनगरला आता अहिल्याबाईंचेच नाव मिळाले आहे.) साथीच्या काळात या कक्षांत प्राणवायू आणि विद्युत उपकरणे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चालत होती. पुन्हा तेच: वापर बदलला होता.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न सुटलेला आहे असे नाही. ब्रिटनने २००५ च्या आदेशाने धोक्याच्या मूल्यमापनाची जबाबदारी इमारतीच्या ताबेदारावर टाकली. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे मरण पावल्यावर जी चौकशी झाली, तिच्यात मूल्यमापन करणाऱ्यांच्या पात्रतेचाच मुद्दा प्रकर्षाने पुढे आला.

आता पुन्हा मणिकर्णिकेकडे वळतो. उच्च प्रशिक्षणासाठी आलेल्या निरीक्षकांना वर्गात न बसवता येथे आठ दिवस ठेवले, तर ते काय शिकतील?

पहिली अडचण वर्गीकरणाची. संहिता इमारतींचे निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, सभास्थान, कार्यालयीन, व्यापारी, औद्योगिक, साठवण आणि धोकादायक असे नऊ गट करते. घाटावर लाकडाच्या वखारी आहेत, त्यांच्यावर आणि मागे माणसे राहतात, समोर गर्दी असते, कडेला कफन, तूप, राळ विकणारी दुकाने असतात. चार गट एकमेकांच्या अंगावर रचलेले आहेत, आणि मुख्य व्यवहार कोणत्याच गटात नाही. येथे सूची खाली ठेवून डोळे वापरावे लागतात.

मग धोका कशात आहे? नवखा निरीक्षक चितेकडे बोट दाखवील. एका चितेला साधारण अडीच-तीनशे किलो लाकूड लागते. सुक्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता निघते. म्हणजे एका चितेत दहा लाखांहून अधिक किलोकॅलरी. आकडा मोठा आहे, पण त्या अग्नीजवळ लांब बांबू घेतलेला माणूस उभा असतो, तो निखळलेले ओंडके पुन्हा आत सारतो, वाऱ्याकडे लक्ष ठेवतो. खरा भार गल्लीत दोन्ही बाजूंना मजल्याएवढ्या उंचीपर्यंत रचलेल्या न पेटलेल्या लाकडाचा आहे, आणि त्याच्याकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. जळणारी आग आणि जळू शकणारी आग यांतला भेद मला वाटते येथे जितका स्पष्ट कळेल, तितका कोणत्याही व्याख्यानात कळणार नाही.

पाण्याचे तसेच. समोर गंगा वाहत असताना पाण्याची चिंता कशाला, असे वाटते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या पुरात ती ७३.९० मीटरपर्यंत चढली होती. उन्हाळ्यात पाणी याहून दहा मीटरपेक्षाही अधिक खाली असते. पंप खालून पाणी ओढतो ते हवेच्या दाबामुळे, आणि व्यवहारात सात मीटरच्या पलीकडे तो ओढू शकत नाही. म्हणजे मे महिन्यात पायऱ्यांच्या माथ्यावर ठेवलेला पंप नदीकडे नुसता पाहत राहील. तो उचलून खाली न्यावा लागेल, किंवा नावेवर ठेवावा लागेल. गल्ल्यांतून मोठा बंब येत नाही, तेव्हा पंप किती वजनाचा, तो किती माणसे उचलतील, गाळाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून किती वेळात उतरवतील, हे सारे निरीक्षकाने स्वतः उतरून मोजायचे.

पावसाळ्यात सगळेच उलटते. पाणी चढले की खालच्या जागा बुडतात आणि दहन वरच्या गच्चीवर हलते. २०१६ आणि २०२२ च्या पुरांत ते देशाने पाहिले. अग्नी तोच, माणसे तीच. पण चिता आता घरांच्या आणि वखारींच्या जवळ आलेल्या असतात, आणि तिरड्यांची रांग त्याच गल्लीत लागते जी सुटकेची वाट असते. एप्रिलमध्ये केलेला नकाशा ऑगस्टमध्ये निरुपयोगी ठरतो. १३ डिसेंबर २०२१ रोजी खुल्या झालेल्या विश्वनाथ धाम मार्गिकेसाठी तीनशेहून अधिक वास्तू संपादित झाल्या. त्यामुळे शेजारचा काही भाग मोकळा झाला, तशी माणसांची वर्दळही वाढली. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांच्या पुनर्विकासाची पायाभरणी ७ जुलै २०२३ रोजी झाली. बांधकाम चालू असतानाची जागा ही पुन्हा तिसरीच जागा असते.

राहिली माणसे. येथील अग्नी डोम समाजाच्या हातून मिळतो. डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली, पण सन्मान वेगळा आणि एखाद्या समाजाच्या ज्ञानाची विचारपूस वेगळी. वारा कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूने वळतो, ओले लाकूड किती धूर करते, ठिणगी कोठवर जाते, वखारीत कोण झोपते, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. निरीक्षकाने दंडाची भीती न घालता हे विचारून घेणे हे एक कौशल्यच आहे. ते शिकवले पाहिजे आणि त्याची परीक्षाही घेतली पाहिजे. चामड्याचे कारखाने, फटाक्यांची गोदामे, भिवंडीच्या वखारी, सगळीकडे खरी माहिती काम करणाऱ्याकडे असते, मालकाकडे नव्हे.

आपल्या राज्यातील प्रमाणपत्राचे महिने मी वर सांगितले आहेत: जानेवारी आणि जुलै. लाकूड, गवत, कापूस सर्वाधिक सुकलेले असते आणि विजेचा भार सर्वाधिक असतो ते मार्च ते मे हे महिने बरोबर या दोहोंच्या मध्ये येतात. मेमध्ये आग लागते तेव्हा भिंतीवरचे प्रमाणपत्र चार महिन्यांचे जुने असते. हे वेळापत्रक बदलायला कायद्यात किरकोळ दुरुस्ती पुरेल. तोपर्यंत निरीक्षकाला उन्हाळ्याच्या तोंडावर, कोणी न मागता, एक फेरी स्वतःहून मारता येते.