दिल्लीची वीज आणि दिल्लीचा धूर

विजेवर धावणारे वाहन ही दिल्लीला नवलाई नव्हे. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम आली आणि पुढच्याच वर्षी ती दिल्लीत अवतरली. जामा मशीद, चांदणी चौक, सदर बाजार या भागांना ती जोडीत असे. १९६३ साली ती बंद पडली. पुढे रस्त्यांवर पेट्रोल-डिझेलचेच राज्य झाले.

त्याची किंमत आमच्या मुलाबाळांच्या फुप्फुसांनी मोजली. १९८५ साली विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली; १९९८ च्या आदेशाने शहर बसगाड्यांना नैसर्गिक वायू सक्तीचा झाला. वायूच्या पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या, चालकांची रोजी बुडाली. तरी २००२ अखेर हा पालट घडला. त्याच वर्षी मेट्रोच्या रूपाने वीज पुन्हा प्रवाशांच्या सेवेस आली.

मालमोटारी मात्र बहुतांशी डिझेलवरच राहिल्या. २०१५ साली दिल्लीत शिरणाऱ्या ट्रकांवर पर्यावरण शुल्क बसले, २०१८ साली शहराला वळसा घालणारे द्रुतगती मार्ग पुरे झाले. परंतु वळशाने धूर सरत नाही, शेजारी जातो. विजेचेही तेच: बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र २०१८ साली बंद झाले, तरी देशातील बहुतेक वीज कोळशातूनच येते. शिवाय लांब पल्ल्याच्या ट्रकची जड बॅटरी मालाचे वजन घटविते, आणि एकाच ट्रकवर संसार चालविणाऱ्याला तिची किंमत पेलत नाही.

हाती आलेले साधन गमावता येते आणि कष्टाने पालटही घडविता येतो, हा या इतिहासाचा दाखला. पुढच्या पालटाच्या रांगेत चालकाला एकटे उभे करू नये, एवढे तरी आपण दिल्लीकर मराठी जनांनी आवर्जून म्हणावे.