दहा मिनिटांची चित्रफीत

गोव्यात 1996 साली 'संगाथ' ही संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या पुऱ्या नावात बालविकास आणि कुटुंब मार्गदर्शन अशा दोन्ही गोष्टी होत्या. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. पुढे संस्थेचा बोलबाला झाला तो मोठ्यांच्या नैराश्यावरच्या कामामुळे, आणि आजही बहुतेकांना ती त्यासाठीच माहीत आहे. मला मात्र त्या जुन्या नावातला 'कुटुंब' हा शब्द मोलाचा वाटतो. लहान स्वमग्न मुलांच्या आईवडिलांसाठी संस्थेने पुढे जे केलं, त्याचं बीज त्या शब्दात आहे.

तो काळ आठवून पाहावा. 1995 साली अपंग व्यक्तींसाठी देशात पहिला मोठा कायदा झाला, त्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. 1999च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आलं, आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या मुख्य कायद्यात यायला 2016 साल उजाडलं. दिल्लीत मेरी बरुआ या एका आईने 1991 साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली होती. तिथे पालक एकमेकांना भेटत, शिकत. पण गोव्यातल्या पेडण्यातल्या किंवा काणकोणातल्या आईला दिल्ली कुठली जवळ? तिच्या वाट्याला यायचं ते "मुलगे उशिराच बोलतात" हे आश्वासन, नाहीतर "तू त्याच्याशी बोलत नसशील" हा ठपका. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा सिद्धान्त विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या नामवंत डॉक्टरांनीच मांडला होता. शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला, तरी घराघरांतून तो अजून पुरता गेलेला नाही. ऑटिझमसाठीचा आपला 'स्वमग्न' हा शब्दही मला थोडा खटकतो. मूल स्वतःत बुडालं आहे, म्हणजे त्याला आपल्याशी काही बोलायचंच नाही, असं तो आधीच ठरवून टाकतो. पण दुसरा शब्द रुळलेला नाही, म्हणून तोच वापरते.

मुलांकडे येण्याआधी 'संगाथ'ने एक वेगळाच प्रश्न सोडवायला घेतला होता: तज्ज्ञ नसतील तर उपचार करायचा कुणी? 'मानस' या प्रयोगात गोव्यातल्या 24 दवाखान्यांमधले, सरकारी आणि खासगी दोन्हीकडचे, नैराश्याचे रुग्ण घेतले होते. त्यातल्या निम्म्या दवाखान्यांत समुपदेशन करायला मानसशास्त्राची मोठी पदवी नसलेली, पण नीट प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं बसवली. 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना या माणसांचा स्पष्ट उपयोग झाला होता. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. हे काम झालं नसतं, तर ऑटिझमसारख्या अवघड विषयात साध्या पदवीधर मुलामुलींना घरोघर पाठवायचं धाडस कुणी केलं असतं असं मला वाटत नाही.

'संगाथ'च्या डॉ. गौरी दिवाण यांच्या पुढाकाराने मग गोव्यातल्या स्वमग्न मुलांच्या घरच्यांशी, विशेष शिक्षकांशी आणि शाळांमधल्या शिक्षकांशी सविस्तर बोलणी झाली. 2012 साली त्यांतून निघालेले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुटुंबं आधी लोकांपासून तुटतात, समारंभांना जाणं बंद करतात, आणि बऱ्याच काळाने हळूहळू परत मिसळू लागतात. डॉक्टर, शिक्षक, धर्मगुरू, ज्यांच्याकडे आधारासाठी जावं त्यांनाच या मुलांची फारशी माहिती नसते. मग दारोदार फिरण्यात पैसा जातो आणि धीरही. कुठलाही उपचार निवडण्याआधी संस्थेने हे ऐकून घेतलं. वाटचालीतलं हे पाऊल मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं.

उपचार निवडला तो इंग्लंडमधला. तिथे प्रा. जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 'पॅक्ट' नावाची पद्धत 152 लहान मुलांबरोबर तपासली होती. तिच्यात थेरपिस्ट मुलाला काही शिकवत नाही. तो आईवडिलांबरोबर काम करतो. 2010 साली निष्कर्ष आले तेव्हा पालकांच्या प्रतिसादात मोठा फरक दिसला, मुलांच्या लक्षणांत मात्र फारसा नाही. पण जवळपास सहा वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली तेव्हा ज्यांच्या पालकांनी हे शिकून घेतलं होतं, त्या मुलांची लक्षणं सौम्य आढळली. पेरणी एका हंगामात आणि पीक फार पुढच्या, असा हा प्रकार.

ही पद्धत जशीच्या तशी इथे चालली नसती. तिकडे ती वाचा-उपचारतज्ज्ञ राबवत. आपल्याकडे ते असतात शहरांत, आणि तिथेही मोजके. म्हणून 'पास' हे नवं रूप घडवलं गेलं, एकाच वेळी गोव्यात आणि सीमेपलीकडे रावळपिंडीत. कार्यकर्ते ऑटिझमचे तज्ज्ञ नव्हते. इंग्लंडच्या तज्ज्ञांनी इथल्या तज्ज्ञांना शिकवायचं, त्यांनी कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्या कामावर सतत नजर ठेवायची, अशी उतरंड होती. पुस्तिकांची भाषा सोपी केली. भेटी शक्यतो मुलाच्या घरीच, कारण केंद्रावर यायचं तर आईचा अर्धा दिवस, बसभाडं आणि बसमध्ये मूल बिथरलं की लोकांच्या नजरा. घरी आजी असते, काकू असते. त्यांनाही बसवून घ्यायचं. आपल्याकडे मूल एकट्या आईच्या हातात वाढत नाही, आणि आजीला पटलं नाही तर आईने शिकलेलं चार दिवसही टिकत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते. भेटीच्या सुरुवातीला आई आणि मूल दहाएक मिनिटं खेळतात आणि कार्यकर्ती त्याचं चित्रण करते. मग दोघी बसून ते पाहतात. समजा, मुलगा फरशीवर स्टीलचं झाकण फिरवतो आहे. आई म्हणते, "बाबू, हें कितें? झाकण. म्हण, झाकण." मुलगा पाठ फिरवतो. आई झाकण काढून घेते, चेंडू पुढे करते, "बघ, बॉल, बॉल!" मुलगा आणखी लांब सरकतो. एवढंच पाहिलं तर कुणीही म्हणेल, मूल प्रतिसाद देत नाही. पण त्याच दहा मिनिटांत एका क्षणी आई थकून गप्प बसलेली असते, तिच्या हातातलं दुसरं झाकण खाली पडतं, खणखणतं, आणि मुलगा एकदा झाकणाकडे अन् एकदा तिच्या तोंडाकडे पाहतो. जेमतेम दोन सेकंद. कार्यकर्ती तिथेच चित्र थांबवते आणि विचारते, "ताई, इथे त्यानं काय केलं?"

सगळी मेख या प्रश्नात आहे. तुमचं काय चुकलं, असं ती विचारत नाही; मूल काय म्हणालं, असं विचारते. वर्षभर ज्या आईला सगळ्यांनी फक्त चुका दाखवल्या, तिला तिच्याच घरातली, तिच्याच हातून घडलेली चांगली गोष्ट कुणीतरी पडद्यावर दाखवतं. पुढच्या वेळी ती आपण होऊन शेजारी दुसरं झाकण फिरवते आणि वाट पाहते. ही वाट पाहणं शिकायला फार वेळ लागतो. न बोलणाऱ्या मुलाची आई शांतता भरून काढायला अखंड बोलत असते. तिला थांबायला सांगणं म्हणजे तिच्या मायेलाच आवर घालायला सांगितल्यासारखं वाटतं. मूल ज्यावर रमलं आहे त्यावर आपणही नजर ठेवायची, त्याच्या इशाऱ्याला लगेच उत्तर द्यायचं, बोलायचं ते त्याला पेलेल इतकंच. मग रोजच्या ठरलेल्या गोष्टींत, अंघोळ, पेज, कपडे, मध्येच क्षणभर थांबून त्याला पुढचं मागायला जागा ठेवायची. रोज अर्धा तास सराव. महागडं काही लागत नाही. झाकणं, वाट्या, बादली पुरतात.

2013 साली 2 ते 9 वर्षांची 65 मुलं 'पास'च्या चाचणीत आली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड होऊन 32 कुटुंबांना 'पास' मिळालं, 33 जणांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. एकूण भेटी 12. 'पास' मिळालेल्या 32पैकी 26 कुटुंबांनी उपक्रम पुरा केला. धुणंभांडी, मोठ्या भावंडांची शाळा, सासरची आजारपणं सांभाळणाऱ्या घरांमध्ये हे होतं, म्हणून हा आकडा मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. निकाल 2015 साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आला. 'पास' शिकलेले पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देत होते आणि मुलं आपण होऊन संवादाला अधिक सुरुवात करत होती. एक गोष्ट उलटी झाली: दोघांनी मिळून एकाच गोष्टीवर लक्ष ठेवण्याचं प्रमाण घटलं. संशोधकांनी तेही निबंधाच्या सारांशातच मांडलं, शेवटच्या तक्त्यात दडवलं नाही. पालकांना आशेचे गाजर दाखवणाऱ्यांचा सुळसुळाट झालेल्या या क्षेत्रात असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

काम करताना कार्यकर्त्यांच्या कानावर आणखी काही पडत होतं. संवाद ठीक, पण मूल रात्री दोन वाजता उठून बसतं त्याचं काय? भाताशिवाय काही खात नाही, शी सांगत नाही, केस कापायचे म्हटलं की किंचाळतं. घर मोडकळीला येतं ते अशा गोष्टींनी. दहा मिनिटांच्या चित्रफितीत झोप दिसत नाही. म्हणून 'पास प्लस' आलं: मूळ गाभा तोच, त्याला झोप, जेवण, शौच आणि अवघड वागणूक यांसाठीचं मार्गदर्शन जोडलेलं. ग्रामीण भागात 40 मुलांबरोबर ते तपासलं गेलं आणि 2019 साली त्याचे निष्कर्ष आले. त्यानंतरचा टप्पा दिल्लीत ठरला, 240 मुलांचा.

दरम्यान उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या पाहणीचे आकडे 2018 साली प्रसिद्ध झाले होते. त्यानुसार 2 ते 9 वर्षांच्या शंभर मुलांत साधारण एकाला ऑटिझम आहे. म्हणजे दोन-तीन अंगणवाड्यांमागे एक मूल, आणि त्याच्या घरी फरशीवर बसलेली एक आई, चेंडू पुढे करून "बघ, बॉल" म्हणणारी.