वरचं दूध आणि पितळी पातेलं

छत्रपती संभाजीनगरच्या कासारी बाजारातून आणलेल्या पितळी पातेल्याला कल्हई लागायचीच. भट्टीवर भांडं तापवायचं, नवसागर टाकून आत कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ताक, चिंचेचं सार पितळेत कळकतं. दूध काही कळकत नाही, म्हणून कल्हई उडालेलं पातेलं दुधाला चालवून घेतलं जाई. घात तिथंच झाला.

बळी जायची ती बहुतेक एक ते तीन वर्षांची मुलं. पोट फुगायचं, यकृत हाताला टणक लागायचं, मग कावीळ, जलोदर, आणि काही महिन्यांत सारं आटोपायचं. १८८७ साली कलकत्त्यात या दुखण्याची नोंद झाली. पुढं त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ म्हणू लागले. एकाच घरात पाठची भावंडंही जात, म्हणून दोष रक्ताचा असं धरलं गेलं. (रक्त कुणाचं, तर आईचं, हे ओघानं आलंच.)

यकृताच्या तुकड्यात तांब्याचे कण दिसू लागले तशी शंका बदलली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी मुलांच्या आहाराची चौकशी केली. वरचं दूध कधी सुरू केलं? तापवता कशात? ठेवता कशात? १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं म्हणणं छापून आलं. पितळेतून सुटणारं तांबं दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं आणि थेट बाळाच्या पोटात जातं. भावंडांचं कोडंही सुटलं, कारण पातेलं तेच असे. तरी त्याच दुधावर धडधाकट वाढलेली मुलंही होती, त्यामुळे आनुवंशिकतेचा वाटा पुरता निकालात निघाला नाही.

यकृताला इजा झाली की तिथल्या ताराकृती पेशी कोलॅजेनचे धागे विणत सुटतात आणि यकृत टणक होत जातं. त्यांना आवर घालणारा मायक्रोआरएनए-२९ हा पेशीतला चिमुकला रेणू तेव्हा घटलेला असतो. हे कळलं फार उशिरा. पहिला मायक्रोआरएनएच १९९३ साली जगापुढं आला, आणि तोवर आपल्याकडं हा आजार ओसरत चालला होता. श्रेय डॉक्टरांचं खरंच, पण माझ्या मते निम्मं तरी स्टेनलेस स्टीलला द्यावं लागेल.

नावातलं ‘इंडियन’ही टिकलं नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये १९०० ते १९७४ या काळातले असेच १३८ बालरुग्ण १९९६ साली उजेडात आले. तिथंही गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवत असत.